रमाईचे ऋण आणि आमचा हिशेब

दरवर्षी ७ फेब्रुवारी आली की वस्त्यावस्त्यांतून निळे झेंडे लागतात. विहारात बुद्धवंदना होते, रमाईच्या तसबिरीला हार घातला जातो आणि रात्री गायन पार्टीचा कार्यक्रम रंगतो. व्यासपीठावर वक्ते रमाईच्या त्यागाचे गोडवे गातात. त्या वेळी आमच्या आया-बहिणी कुठे असतात? बहुतेक ठिकाणी त्या मंडपामागे असतात. भोजनदानाची भांडी त्यांच्याच हातात असतात आणि भाषण त्यांच्या कानावर पडते ते चुलीच्या धुरातून. हे दृश्य आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत आणि दरवर्षी आम्हाला एकच प्रश्न पडतो. ज्या माउलीची जयंती आम्ही साजरी करतो, तिच्या जीवनातून आम्ही नेमके काय घेतले?

आम्ही पेशाने वकील. ऐकीव गोष्टीपेक्षा कागद पाहण्याची आम्हाला सवय. रमाईबद्दल गाणी पुष्कळ आहेत, कथा पुष्कळ आहेत, काल्पनिक पत्रेसुद्धा पुष्कळ आहेत. समाजाने मायेपोटी रचलेले हे धन आहे, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु त्यापलीकडे चार कागद असे आहेत की ज्यांवर स्वतः परमपूज्य बाबासाहेबांचे अक्षर आहे. १९२१ चे एक पत्र, १९२६ चे दुसरे पत्र, १९२८ चा एक अग्रलेख आणि १९४० ची एक अर्पणपत्रिका. हे चार कागद क्रमाने लावले की रमाईचे चरित्र उभे राहते आणि त्यासोबत आमच्यावरचे कर्जही उभे राहते. आईला कुणी अहोजाहो करीत नाही, म्हणून आम्हीही रमाईला ‘ती’च म्हणणार आहोत.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धोत्रे, आई रुक्मिणी. भिकू धोत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवीत. त्या हमालीवर घर चाले. आई लवकर गेली, पाठोपाठ वडीलही गेले. पोरक्या झालेल्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला आणले आणि भायखळ्याला ही मुले वाढू लागली. बाप टोपल्या वाहता वाहता झिजला, हे या मुलीने डोळ्यांनी पाहिले होते. डोक्यावरचे ओझे तिच्याही वाट्याला पुढे येणारच होते.

१९०६ च्या सुमारास रमाचे लग्न सुभेदार रामजी सकपाळ यांच्या धाकट्या मुलाशी, भीमरावाशी झाले. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरा शाळेत शिकणारा. लग्नाची जागा होती भायखळ्याचा बाजार. दिवसाचा धंदा आटोपल्यावर रिकाम्या झालेल्या त्या बाजारात एका कोपऱ्यात वराकडची मंडळी बसली, दुसऱ्या कोपऱ्यात वधूकडची. दगडी ओटे हीच बैठक होती आणि पायाखालच्या गटारातून घाण पाणी वाहत होते. सकाळी बाजार भरायच्या आत सर्व विधी उरकावे लागले. ज्यांनी पुढे या देशाची घटना लिहिली त्यांच्या लग्नाला मांडवसुद्धा मिळाला नाही. लाखो रुपये उधळून, कर्ज काढून हॉलमध्ये लग्ने लावणाऱ्या आमच्या आजच्या नोकरदार वर्गाने हा बाजार एकदा डोळ्यांपुढे आणावा.

संसार सुरू झाला तो परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. दोन खोल्यांच्या त्या बिऱ्हाडात सासरे होते, दीर आनंदराव होते, जाऊ लक्ष्मीबाई होत्या. १९१२ च्या डिसेंबरात यशवंताचा जन्म झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी गेले आणि त्याच वर्षी भीमराव बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला निघाले. रमाई त्या वेळी अवघी पंधरा वर्षांची होती. पदरात काही महिन्यांचे मूल, घरातला कर्ता वडीलधारा नुकताच गेलेला आणि नवरा सातासमुद्रापार. कोलंबिया विद्यापीठातील अभ्यासाचे वर्णन आमचे वक्ते रंगवून करतात. त्या चार वर्षांत परळच्या खोलीत चूल कशी पेटत होती, याचा उल्लेख मात्र एका वाक्यात आटोपतो.

१९१७ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेब परतले. महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे ग्रंथ आणि सामान ज्या जहाजावर होते ते जहाज बुडाले, पण ते स्वतः सुखरूप घरी आले. त्यानंतर बडोद्याची नोकरी आणि तिथली विटंबना आपण सर्वांना ठाऊक आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. चाळीतल्या शेजारणींना वाटले असेल, आता रमाचे दिवस पालटले. पण बाबासाहेबांना लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. घरखर्चाला ठरावीक रक्कम देऊन उरलेला पैसा ते बाजूला टाकीत राहिले. म्हणजे नवऱ्याला चांगला पगार असतानाही रमाईने संसार केला तो काटकसरीचाच. १९२० साली बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले.

पहिला कागद याच काळातला, १९२१ सालचा. लंडनहून बाबासाहेबांनी रमाईला लिहिलेले हे पत्र आहे. घरात मूल आजारी असल्याची बातमी त्यांना कळली होती आणि पाठवायला हाती पैसा नव्हता. स्वतःचीच तिकडे उपासमार चाललेली. अंगावरचे दागिने मोडून दिवस काढावेत, परत आल्यावर ते भरून देईन, असे त्यांनी पत्नीला कळविले. यशवंताच्या आणि पुतण्या मुकुंदाच्या अभ्यासाची चौकशीही केली. आम्ही वकील आहोत म्हणून सांगतो, हे नुसते प्रेमपत्र नाही. ही कर्जाची लेखी कबुली आहे. जगातल्या एका महान विद्वानाची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी ज्या भांडवलावर उभी राहिली, त्यात एका निर्धन बाईच्या अंगावरचे सोने होते. असले भांडवल कोणत्याही विद्यापीठाच्या प्रमाणपत्रावर छापले जात नाही.

१९२३ साली बाबासाहेब परतले. बॅरिस्टर झाले तरी अस्पृश्य वकिलाकडे अशिलांची रांग लागत नव्हती. त्यातच १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ सुरू झाली. गावोगावचे कार्यकर्ते आणि अन्यायाने पिचलेली माणसे चाळीच्या त्या दोन खोल्यांत येत. एका खोलीत ग्रंथ आणि चळवळ, दुसऱ्या खोलीत चूल.

याच वर्षांत रमाईच्या आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख घडत होते. तिला पाच मुले झाली. त्यांपैकी एकटा यशवंत जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार मुले लहानपणीच गेली. मुलाच्या प्रेताला कपडा घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा रमाईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, अशी आठवण आमच्या वस्त्यांतील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९२६ च्या जुलैमध्ये सर्वांत धाकटा राजरत्न गेला. दुसरा कागद त्यानंतरचा आहे. त्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र. तीन मुलगे आणि एक मुलगी मातीआड केल्याचे त्यांनी त्यात लिहिले. या आघातातून आपण दोघे पती-पत्नी कधी सावरू असे वाटत नाही, आयुष्य उजाड झाले आहे, असा त्या पत्राचा भाव आहे. हे पत्र आम्ही जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा मनात येते की बाबासाहेबांना निदान मित्राला पत्र लिहिता आले. सभेत, कोर्टात, ग्रंथांत मन गुंतवता आले. ज्या खोलीत मुले गेली त्याच खोलीत दिवसरात्र राहणाऱ्या आईने आपले दुःख कुणाला लिहिले? तिचे दुःख तिच्या शरीरात उतरले. त्यानंतर रमाईची प्रकृती कधी धड झाली नाही.

राजरत्न जाऊन वर्ष होते न होते तोच महाडचा सत्याग्रह झाला. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळे, एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकाची सुरुवात, डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन. दीर आनंदराव याआधीच वारले होते. त्यांच्या विधवा पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद यांना याच घराचा आधार होता. घर एकत्रच राहिले. इतिहासात महाडची पाने सोन्याची आहेत. त्या पानांच्या मागल्या बाजूला एका चाळीतली ही दोन-चार माणसे आहेत.

तिसरा कागद फेब्रुवारी १९२८ चा. ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या मथळ्याचा अग्रलेख. पत्र चालविण्यासाठी समाजाकडून वर्गणी येत नव्हती, संपादकाला एकट्याने सर्व भार वाहावा लागत होता. समाजाने आपले देणे ओळखावे, असा त्या लेखाचा रोख आहे. त्यात बाबासाहेबांनी आपल्या पत्नीचा उल्लेख जाहीरपणे केला. आपण परदेशी असताना प्रपंचाचा घोर तिनेच वाहिला आणि परत आल्यानंतरच्या पडत्या काळात शेणाचे भारे डोक्यावरून आणायला ती कचरली नाही, अशी ग्वाही त्यांनी दिली. अशा पूजनीय स्त्रीच्या सहवासात दिवसातला अर्धा तासही आपण घालवू शकत नाही, ही खंतही त्यांनी नोंदविली. गोवऱ्या थापणारी रमाई ही केवळ गाण्यातली रमाई नव्हे, हे या अग्रलेखाने शाबीत होते. १९२८ सालात, कोणत्या पुढाऱ्याने आपल्या बायकोच्या डोक्यावरच्या शेणाच्या भाऱ्याची नोंद आपल्या पत्रात अशी जाहीर केली होती? पुढारी आपले मोठेपण सांगतात. बाबासाहेबांनी आपले देणे सांगितले.

एवढे सोसूनही रमाई कुढत बसली नाही. १९२८ मध्येच मुंबईत अस्पृश्य स्त्रियांचे मंडळ स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद तिच्याकडे होते. तिच्या औदार्याची एक आठवण चळवळीत नेहमी सांगितली जाते. हवापालटासाठी ती धारवाडला वराळे यांच्याकडे गेली होती. तिथे आपल्या मुलांचे वसतिगृह होते. अनुदान वेळेवर न आल्याने धान्य संपले आणि मुले उपाशी राहू लागली. हे कळताच रमाईने हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि मुलांच्या जेवणाची सोय करायला सांगितले. लंडनच्या पत्रात जे दागिने भरून देण्याचा शब्द होता, ते हातात आले न आले तोच असे दुसऱ्यांच्या लेकरांसाठी गेले. स्वतःची चार लेकरे हरवलेली ही आई वसतिगृहातल्या पोरांची आई झाली. रमाबाईची ‘रमाई’ झाली ती अशी.

आणखी एक गोष्ट. आमच्यातले काही जण ती सांगायला संकोचतात, पण आम्ही ती लपविणार नाही. रमाई श्रद्धाळू होती, उपासतापास करणारी होती. पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन घ्यावे अशी तिची फार इच्छा होती. बाबासाहेबांनी तिची समजूत घातली. जिथे आपल्याला बाहेरच उभे करतात तिथे कशासाठी जायचे, आपण आपल्या सेवेने दुसरी पंढरी उभी करू, असे त्यांचे सांगणे होते. रमाई त्या मंदिरात कधी गेली नाही. ते मंदिर अस्पृश्यांना खुले झाले १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्या वेळी तिला जाऊन बारा वर्षे झाली होती. दुसरी पंढरी उभी राहिली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर. तीही तिला पाहता आली नाही. एक दार तिच्यासाठी बंद होते, दुसरे उघडण्याआधी ती गेली. धम्मदीक्षा न घेताही दान आणि करुणा या पारमिता ती आयुष्यभर जगली. तिला बौद्ध समाजाची माता म्हणायला यापेक्षा अधिक पुरावा आम्हाला लागत नाही.

१९३० पासून तीन गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, नाशिकचा सत्याग्रह चालू होता. बाबासाहेब घरी कमी आणि बाहेर जास्त असत. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून झाले आणि दोन दशके चाळीत काढल्यानंतर रमाई स्वतःच्या घरात आली. पण ती आली तीच आजारी होऊन. औषधे झाली, हवापालट झाले, उपयोग झाला नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिने शेवटचा श्वास घेतला. बाबासाहेब उशाशी होते. वय अवघे सदतीस. हजारो माणसे अंत्ययात्रेला लोटली, वरळीच्या स्मशानात अंत्यसंस्कार झाले. देशातल्या कोणत्याही सत्तेपुढे न झुकणारा तो महामानव लहान मुलासारखा रडला आणि कित्येक दिवस स्वतःला कोंडून घेऊन बसला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याची घोषणा झाली.

चौथा कागद १९४० चा. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा देशभर गाजलेला राजकीय ग्रंथ बाबासाहेबांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचे चारित्र्य आणि मित्र नसलेल्या, विवंचनेच्या दिवसांत शांतपणे बरोबरीने सोसण्याची तिची तयारी यांचे स्मरण त्या चार ओळींत आहे. ती जाऊन पाच वर्षे झाली होती, तरी ऋण विसरलेले नव्हते.

वाचक बांधवांनो आणि भगिनींनो, हे चार कागद आम्ही तुमच्यापुढे ठेवले ते डोळ्यांत पाणी यावे म्हणून नव्हे. चारही कागदांत एक सूत्र आहे. बाबासाहेबांनी रमाईच्या सोसण्याला कधी स्त्रीचा धर्म म्हटले नाही. त्यांनी त्याला ऋण मानले. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सोसणे हा बाईचा धर्म असेल तर तिचे काही देणे लागत नाही. ते ऋण असेल तर फेडावे लागते. बाबासाहेबांनी ते फेडायला घेतले देशाच्या कायद्यात. हिंदू कोड बिलात मुलीला वारसा, स्त्रीला मालमत्ता आणि घटस्फोटाचा अधिकार मागितला, आणि ते बिल अडविले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

आणि आम्ही काय करतो? आम्ही रमाईला ‘त्यागमूर्ती’ म्हणतो आणि घरी येऊन बायकोला तिचे उदाहरण देतो. रमाईने एवढे सोसले, तू एवढेही सोसत नाहीस? चळवळीच्या नावाखाली घराकडे पाठ फिरवणारे कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांत आम्हीही होतो. मोर्चाहून मध्यरात्री परतल्यावर ताट वाढून देणाऱ्या बाईला तिचा दिवस कसा गेला, हे आम्ही किती वेळा विचारले? बाबासाहेबांना अर्धा तास देता आला नाही याची खंत होती. आम्हाला तेवढीही नाही.

आमच्या वकिलीतला एक अनुभव सांगतो. वडील वारले की भाऊ बहिणींना घेऊन येतात आणि हक्कसोडपत्र करून मागतात. बहीण खाली मान घालून सही करते. असे भाऊ आपल्याच समाजातले असतात, मोबाइलवर रमाईचे गाणे लावलेले असते. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो हक्क त्यांचेच अनुयायी बहिणीकडून एका सहीने काढून घेतात! दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या श्रमाची किंमत दरमहा ३,००० रुपये धरून नुकसानभरपाई दिली आणि २०२१ साली कीर्ती खटल्यात घरकामाला आर्थिक मोल असल्याचे पुन्हा ठासून सांगितले. न्यायालयाला जे कळले ते आमच्या घरात कधी कळणार?

म्हणून यंदा जयंतीला हाराबरोबर तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. पहिली, राज्य शासनाची जी घरकुल योजना रमाईच्या नावाने आहे, तिच्यातून असो की स्वतःच्या कमाईतून, बांधलेल्या घराच्या कागदावर पत्नीचे नाव असावे. दुसरी, बहिणीकडून हक्कसोडपत्र मागण्याआधी रमाईच्या तसबिरीकडे एकदा पाहावे. तिसरी, जयंतीच्या दिवशी भोजनदानाचा स्वयंपाक पुरुषांनी करावा आणि व्यासपीठावरून आमच्या आया-बहिणींनी बोलावे. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, कारण प्रत्येक वस्तीत एखादी रमाई गोवऱ्या थापून, भांडी घासून मुलांना शिकवीत आली आहे. तिची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

बाबासाहेबांनी आपले ऋण चार कागदांवर कबूल केले. आमचा कागद अजून कोराच आहे.

त्यागमूर्ती, ममतामूर्ती माता रमाईस विनम्र अभिवादन. जयभीम!